अण्णांच्या बंगल्याचा सागवानी दरवाजा

प्रवेशद्वार म्हणजे घराचा चेहरा, असं वास्तुशास्त्राच्या पुस्तकांपासून प्लायवूडच्या दुकानांपर्यंत सगळीकडे सांगतात. मंचरजवळ अण्णांच्या नव्या बंगल्याला असा चेहरा लाभला होता. त्याचं तोंड तेवढं उघडत नव्हतं.

"इंजिनियरसाहेब, परवा सून माप ओलांडणार अन् म्होरलं दार हालंना झालंय!" अण्णा मोठे बागाईतदार. फोन नसता तरी तो आवाज माझ्या नारायणगावच्या ऑफिसात पोचला असता.

साइटवर गेलो. स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरलो, दुसरी वाटच नव्हती. पुढच्या दाराला अस्सल सागवानी पल्ला, एकच अखंड झडप. त्यावर माथ्याला गणपती, मधे हत्ती, तळाशी उंदीर. आतून ओढला. ढिम्म.

दोष शोधायला डिग्री लागत नव्हती. आमच्या धंद्यात फिनिश्ड फ्लोअर लेव्हल म्हणतात, म्हणजे फरशी पूर्ण झाल्यावर जमीन कुठपर्यंत येणार ती उंची. ती ठरली की मगच दाराचं माप. मी माप कोटा फरशीवरून घेतलं होतं. पल्ला बसला, गुण्यागोविंदानं उघडतही होता. मग अण्णा व्याह्यांच्या घरी जेवायला गेले. तिथं मार्बल होता.

परतल्यावर त्यांनी मला न विचारता, कोटा न उखडता, त्याच्यावरच मार्बल चढवला. नक्षीला सिमेंट लागू नये म्हणून दार लावून घेतलं, वर चादर बांधली आणि आतला मार्बल बंद पल्ल्याला नेमका भिडवला. पल्ल्याचा तळ आता जमिनीपेक्षा दोन बोटं खाली. कारागीर मागच्या दारानं गेले. काम झकास झालं यावर सगळ्यांचं एकमत होतं.

"खालून दोन बोटं कापू," महादू सुतार म्हणाला.

"उंदराला करवत लावतो? लग्नघरात?" अण्णा कडाडले.

"मग वरून कापू, अन् पल्ला वर उचलू."

"वर गणपतीचा मुकुट हाय, येड्या!"

"चौकटच उचलून घेऊ," मी म्हणालो.

"साहेब, चौकटीची पूजा झालीया. एकदा हळदकुंकू लागलं की ती हालवत न्हाईत."

"दारापुरता मार्बल तोडू."

"अन् व्याह्यांना फुटका मार्बल दावू?"

थोडक्यात, गणपती, उंदीर, चौकट आणि मार्बल आपापल्या जागी ठाम होते. सुनेनंच काय ती तडजोड करायची होती.

"मग तिला मागच्या दारानं घ्या," मी वैतागून म्हणालो.

अण्णा पायरीवर बसले. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पोरीला आई न्हाय, साहेब. बापाला मी शब्द दिलाय, तुमची लेक म्होरल्या दारानं लक्ष्मीवाणी येईल. आता तिला भांड्याकुंड्यातनं आणू?"

मी महादूला बिजागरीच्या पिना ठोकून काढायला सांगितल्या. चार माणसांनी पल्ला तिरका करून उचलला आणि पोर्चमध्ये भिंतीला टेकवला. दाराचा दोष गेला. दारही गेलं.

लग्नाच्या दिवशी वाजतगाजत सून आली. तिनं उंबऱ्यावरचं माप पायानं लवंडलं, तांदूळ मार्बलवर पसरले. पाहुण्यांनी पोर्चमधल्या गणपतीसमोर उभं राहून फोटो काढले. एवढ्यात व्याही रिकाम्या चौकटीपाशी थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी गणपतीकडं.

"अण्णा," व्याही डोळे पुसत म्हणाले, "लोकं सुनेसाठी दार उघडत्यात. तुमी तर काढूनच ठिवलं! लई मोठं मन, राव."

अण्णांनी मान खाली घातली. मंडळींनी तो विनय समजला.

धडा एवढाच की फरशी पक्की झाल्याशिवाय दाराचं माप घेऊ नये, आणि अण्णा कुठं जेवायला जाणार असतील तर काम थांबवावं. पुढं त्या चौकटीला मी दुकानातला साधा फ्लश डोअर लावला. सागवानी पल्ला अण्णांनी हॉलच्या भिंतीवर ठोकून घेतला, बिजागऱ्या आणि कडीसकट. नवे पाहुणे हात धुवायला उठले की तोच ढकलून बघतात.