शालनचं आडनाव

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — आजच का, ते मलाही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं माझ्या मावशीच्या गावी, गरम पाण्याच्या कुंडावर गेलो होतो. आता तिथे फरशी झालीय, डोंगरवाटेला बाण रंगवलेत. गंधकाचा वास मात्र तोच. नवरा म्हणाला, उतर की पाण्यात. मी म्हटलं, मला सोसत नाही.

चिपळूणला डी.एड.ला मी आणि शालन एका खोलीत राहायचो. एकच आरसा, एकच तेलाची बाटली. काय हसायचो आम्ही! एका रविवारी मी तिला या कुंडावर आणलं. डोंगर चढलो, करवंदं खाऊन जिभा जांभळ्या केल्या. खाली येऊन दोघींचे तांदूळ एका फडक्यात बांधले, पोटली उकळत्या झऱ्यात सोडली आणि बायकांच्या कुंडात उतरलो. असं सुख पुन्हा नाही मिळालं.

कुंडात मावशीची शेजारीण होती. शालनकडे बघून तिने मला विचारलं, "कोनाची गो ही? आडनाव काय हिचा?"

आपल्याकडे हे कशासाठी विचारतात, ते का तुम्हाला सांगायला हवं? शालन बौद्धवाडीतली. तिने तोंड उघडायच्या आत मी बोलले — माझंच आडनाव लावलं तिला. चुलत बहीण म्हणाले.

तिला सांभाळून घ्यायला? छे. मावशीच्या कानावर जाईल, याला भ्याले मी. आणि — लाज वाटली मला तिची.

पण एवढंच असतं तर...

शालनने आपलं खरं आडनाव सांगितलं. स्पष्ट, शेजारणीच्या डोळ्यांत बघून. शेजारीण माझ्याकडे वळली. तेव्हा तरी? तेव्हा मी हसले. म्हटलं, "थट्टा करत्ये ती, काकी."

शालन उठली. ओल्या अंगावरच साडी गुंडाळून एकटी एस्टीच्या थांब्याकडे गेली. मी पाण्यातच बसून राहिले. शेजारच्या खोल्यांतल्या मुलींना सांगितलं, शालनला पाणी सोसलं नाही. तिने मला खोटं पाडलं नाही. आठवड्याभरात खोली तेवढी बदलली.

त्या दिवशी ती गेल्यावर मी पोटली वर काढली. भात छान मोकळा शिजला होता. दोघींचा होता — मी एकटीने सगळा खाल्ला.