हिल्ये बूर्माचा हरवलेला तास

पुठ्ठ्याचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती आणि आमच्या सिनेमाला तसलीच ओलसर, आवाज घुमणारी जागा हवी होती. ग्रोनिंगनच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीजवळ. कपडेपटाला मदतनीस लागत होती म्हणून गावातल्याच हिल्ये बूर्माला घेतलं. वय एक्कावन्न, जवळच्या विन्सखोतनमध्ये कपडे दुरुस्तीचं दुकान. पहिल्या सकाळी ती स्वतःचं शिलाई मशीन घेऊन आली, सगळ्यांना "मोई" म्हणाली, म्हणजे तिकडचा नमस्कार, आणि कामाला लागली. दुपारपर्यंत तिनं नर्सच्या नऊ झग्यांची दुमड उसवून पुन्हा घातली होती.

सिनेमा एका नर्सचा होता. दिवसा ती रुग्णांचे पाय चेपते आणि तिच्या आत दडलेली दुसरी बाई जागी झाली की त्याच रुग्णांना भोसकते. दिग्दर्शक लाउरेन्सला या गोष्टीचा फार अभिमान.

माझं काम कंटिन्युइटीचं. कालच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, बटण उघडं होतं की लावलेलं, याची नोंद ठेवायची. हे काम करणाऱ्याच्या डोळ्यांना सुट्टी नसते. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की हिल्ये कधी उजव्या हातानं शिवते, कधी डाव्या. कधी बिनदुधाची कॉफी पिते, कधी ताक, आणि ताक पिते त्या दिवशी कपड्यांच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर गोल होतं.

मी सहज विचारलं, "काल डाव्या हातानं शिवत होतात ना?"

तिची सुई थांबली. "तुला पगार नटांकडे बघायचा मिळतो, फ्रौके. माझ्याकडे नाही."

त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी बटणं न्यायला गेले तेव्हा तिनं स्वतःहूनच दार लोटून घेतलं.

"तू लिहून ठेवतेस का गं ते?"

"तुमचं? नाही."

"बरं." मग ती दोऱ्याची रिळं लावू लागली. "आम्ही या एकाच अंगात चौघी आहोत. डॉक्टर त्याला ओळख तुटल्याचा विकार म्हणतात. चौदा वर्षं दर गुरुवारी जाते त्यांच्याकडे. लहानपणी घरात जे झालं ते एकटीला पेलण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही वाटून घेतलं. एवढंच."

तिच्या नवऱ्याला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर एकदा दोघं टीव्हीवर असलाच एक सिनेमा बघत होते. तो शेंगदाणे खात म्हणाला, "असल्या बाईबरोबर एका छपराखाली कोण झोपेल?" ती त्याच्या शेजारीच बसली होती. पुढं अकरा वर्षं त्यांचा संसार चालला आणि मोडला, पण त्याला शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

"मग हा सिनेमा कशाला घेतलात?" मी विचारलं.

"झगे शिवायला घेतला," ती म्हणाली.

नर्स बदलते तो मोठा प्रसंग चौथ्या आठवड्यात होता. नटी येल्कानं मान कट्कन मोडली, डोळे पांढरे केले, घोगऱ्या आवाजात हसली. लाउरेन्सनं टाळ्या वाजवल्या. येल्का मात्र घाम पुसत म्हणाली, "मला काहीतरी खोटं वाटतंय यात."

तिच्या झग्याला टाचण्या लावायला हिल्ये गुडघ्यावर बसली होती. वर न बघता ती बोलून गेली, "खोटंच आहे. असं होत नाही."

"तुम्हाला काय माहीत, बूर्माबाई?" लाउरेन्सनं हसत विचारलं.

ती उठली. टाचण्या तोंडातून काढून तिनं उशीला टोचल्या. "माझ्या आत चौघी आहेत. माझी मान आजवर कधी मोडली नाही."

दिवे लावणाऱ्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर हिल्येच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी एका खुर्चीवर जाऊन बसले, पण तेही जरा उशिराच. ते मला अजून खटकतं.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला चाकू नाहीसा झाल्याचं कळलं.

सिनेमातले सगळे चाकू रबरी. जवळून दाखवायचा एकच खरा, पात्याचा. तो एप्पोच्या पेटीत कुलपात असायचा. एप्पो आमचा सामान सांभाळणारा, साठीचा, शांत. तो पेटी घेऊन मधोमध उभा राहिला. कुलूप नुसतं अडकवलेलं होतं, लागलेलं नव्हतं.

"कोणी घेतला असेल तर सांगा," तो म्हणाला. "मी रागावणार नाही."

आणि मग, कोणी कोणाला खुणावलं नसताना, सगळ्यांचे डोळे कपडेपटाच्या दाराकडे गेले.

लाउरेन्स दारात गेला. "बूर्माबाई, दहा ते अकरा तुम्ही कुठं होतात? येल्काच्या झग्याचं काम अडलं होतं, तुम्हाला सगळीकडे शोधलं."

हिल्येनं घड्याळाकडे पाहिलं. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. संडासात होते, बाहेर फिरायला गेले होते, काहीही चाललं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत नाही म्हणजे?"

"दहापासून अकरापर्यंतचं मला काही आठवत नाही."

मागं कोणीतरी म्हणालं, "पोलिसांना बोलवा." येल्का मेकअपच्या खोलीत गेली आणि आतून कडी वाजली.

मी कपडेपटाच्या खोलीत शिरले आणि दार लावलं. हिल्ये भिंतीला पाठ टेकून, दोन्ही हात लांब धरून उभी होती. जणू हात तिचे नव्हतेच.

"माझी पिशवी तू उघड. मी हात लावत नाही."

"तुम्ही घेतलेला नाही."

"तुला काय ठाऊक?" ती ओरडलीच. "मला ठाऊक नाही, तुला कुठून असणार? आमच्यातल्या कोणी आजवर कोणाला ओरबाडलंसुद्धा नाही. पण ते सिनेमे मीही बघितलेत, फ्रौके. तीस वर्षं बघतेय. उघड!"

मी पिशवी टेबलावर उलटी केली. कात्री, मापपट्टी, खडू, ताकाची बाटली, चष्म्याचं घर. तिचा कोट झटकला. मशीनचं झाकण काढलं. मग कपड्यांच्या रांगेमागं गेले आणि थांबले.

"काय आहे?" तिचा आवाज फाटला. "सांग ना!"

"तुम्हीच या."

लोकरीचे कोट भिंतीशी गोळा करून कोणीतरी घरटं केलं होतं. त्यात अर्धं खाल्लेलं सफरचंद होतं. बटणं रंगांप्रमाणे ओळीनं मांडली होती. भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, शिंप्याच्या खडूनं घरं काढली होती. प्रत्येक घराला भलंमोठं कुलूप.

हिल्ये घरट्याशेजारी बसली. "ही आमच्यातली धाकटी," ती म्हणाली. "बाहेर दहाला किंकाळ्यांची रिहर्सल होती ना? घाबरली असणार." तिनं एक कोट ओढून मांडीवर घेतला आणि ती रडायला लागली. चाकू तिथं कुठंही नव्हता.

तो सापडला दुपारी एक वाजता. लाउरेन्सच्याच गाडीत, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. सकाळी छायाचित्रकाराबरोबर कॅमेऱ्याचे कोन ठरवायला त्यानंच नेला होता आणि विसरला होता. तो लाल होऊन परत आला, "चला, चला, कामाला लागा" म्हणाला, आणि झालं. माफी फक्त एप्पोनं मागितली. रस्त्यावरच्या खाऊच्या गाडीवरून गरम तळलेला अंड्याचा वडा आणून हिल्येच्या मशीनशेजारी ठेवत तो म्हणाला, "कुलूप मीच नीट लावलं नव्हतं. दोष माझा."

संध्याकाळी येल्का आली. दारातच उभी राहून तिनं विचारलं, "मग खरं कसं होतं ते?"

"बघणाऱ्याला कळतच नाही," हिल्ये म्हणाली. "बोलता बोलता माणूस जरा थबकतं. आता कुठवर आलो होतो, असं. आणि मग सगळं आपल्याला माहीतच होतं असं दाखवावं लागतं. दिवसभर. त्यानंच जास्त दमायला होतं."

येल्कानं तो प्रसंग तसा पुन्हा करून दाखवला. रुग्णाची उशी नीट करता करता ती थबकली, खोलीभर पाहिलं आणि ओशाळून हसली. लाउरेन्सनं दोन्ही टेक ठेवले, पण संकलनात मान मोडायचाच घेतला.

सिनेमा जोरात चालला. एका रविवारी दुपारी हिल्येनं मला बोलावून घेतलं. विन्सखोतनच्या थिएटरात आम्ही शेजारी बसलो. मान मोडल्यावर लोक किंचाळले, तशी तिनं माझं मनगट पकडलं ते दिवे लागेपर्यंत सोडलं नाही.

मागच्या रांगेतला माणूस बायकोला म्हणाला, "असल्यांना कोंडूनच ठेवायला पाहिजे."

हिल्ये वळली. "मोई, देर्क. मी तशीच आहे. तुझ्या पँटची चेन गेल्या महिन्यात मीच बसवली."

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून कोटाची बटणं लावू लागला. बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

गोष्ट गावभर झाली. काही गिऱ्हाइकं तुटली. शाळेनं नाटकाचे कपडे दुसरीकडे दिले, कारण काही सांगितलं नाही. देर्कची बायको तीन आठवड्यांनी पडदे घेऊन दुकानात आली. ते टेबलावर ठेवून तिनं विचारलं, "आज... तुम्ही कोण आहात?"

"हिल्ये," ती म्हणाली. "किती लांब हवेत?"

बाईनं खिडकीचं माप लिहून आणलं होतं. तो कागद तिनं हिल्येच्या हातात दिला.