प्रवरेच्या काळ्या मातीपासून करंजी घाटाच्या माथ्यापर्यंत

१. शुक्रवारी सकाळी शिवणाच्या शिक्षिका कुसुमताई आणि भूगोल शिकवणारी मी बेलापूरहून एस.टी.ने निघालो.
२. कोल्हारला नदीकाठ पाहिला. नगरला गाडी बदलून करंजी घाटाच्या माथ्यावर उतरलो.
३. नगरकडे परतणारी शेवटची गाडी चुकली. रात्र एका शेतकऱ्याच्या घरी काढली.
४. शनिवारी सुखरूप परतलो.

तिसरा मुद्दा लिहू नये, असे कुसुमताईंचे म्हणणे होते. नववीच्या मुलींची भूगोल सहल याच वाटेने न्यायची आहे आणि वाट आधी पाहून यायला मुख्याध्यापिकांनी आम्हाला पाठवले होते. दहा मुलींच्या पालकांचे होकार आले नाहीत, तर सहलीसाठी ठेवलेले पैसे मुलांच्या सहलीला जातील.

कोल्हारला पुलाजवळ उतरा. पाण्याने कापलेल्या काठात गाळाचे थर उघडे पडले आहेत. प्रवरेने पुरामागून पूर आणून ते रचले. आपला ऊस त्यांच्यावरच उभा आहे. मी भूगर्भशास्त्र शिकले ते पुस्तकातून. इथे थरावर हात ठेवता येतो! कुसुमताई म्हणाल्या, "अगं, या तर फ्रॉकच्या चुण्या."

नगरच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. तिखट सोसत नसेल तर डबा न्यावा. पुढे ऊस संपतो, माती उथळ होते, मुरूम दिसू लागतो. घाटमाथ्यावर जमीन अचानक तुटते. खाली तिसगावकडचा सपाट मुलूख, बाजूला गर्भगिरीच्या टेकड्या. कठीण खडकाचा थर टिकतो, मऊ झिजतो, म्हणून सगळ्यांना पायऱ्या आणि माथे सपाट.

"त्या पुढच्या टेकडीवरनं एकदा बघू," कुसुमताई म्हणाल्या.

"गाडीची वेळ झाली, ताई."

"गाडी काय रोजच असते!"

आम्ही पुढच्या टेकडीवर असतानाच गाडी वळणे घेत वर आली. आम्ही पळालो, पदर सांभाळत, हात हलवत. ती थांबली नाही.

जवळच्या वस्तीवरच्या बाई आधी पोटभर हसल्या. "दगडं बघाया आल्ता व्हय? न्या की पोतंभर! आमच्याकडं लई हायती." मग चुलीवर तवा ठेवला. मी सहलीचे सांगितल्यावर म्हणाल्या, "पोरी आना की. पर आदी सांगावा धाडा, भाकरी काय आभाळातनं पडत न्हाईत."

सकाळी त्यांच्या बैलगाडीने तिसगाव, तिथून एस.टी.

घरी आल्यावर नकाशा उघडला. जिल्ह्याचे भाग मी तीन रंगांत शिकवते. रंग बदलतो तिथे आता मला उन्हाचा चटका आणि पायाखालचा मुरूम जाणवतो. मुलींनाही तो जाणवावा, एवढाच माझा आग्रह.

गाडी चुकू शकते, हे मी लपवणार नाही. म्हणून तिसगावचा मुक्काम आता कार्यक्रमातच धरला आहे. सोबत आम्ही दोघी असू. नऊ होकार आले आहेत. हे वाचून कोणी ते मागे घेतले तरी माझी तक्रार नाही. कुसुमताईंची मुलगीही नववीत आहे. तिचे नाव अजून आलेले नाही.

कुसुमताईंसह सर्व पालकांनी हो किंवा नाही, ते येत्या गुरुवारपर्यंत कळवावे.