तारेची हाळी

कोल्हापूरकडच्या आमच्या गावात भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात. मग दिवस मावळताना माझे वडील, आबा, गल्लीतून हाळी देत जातात, "तार लावतोय रं! बांधाकडं कुणी फिरकू नका!" आणि शेताभोवतीच्या उघड्या तारेत वीज सोडतात. एकदा हाळी दिली की आपली जबाबदारी संपली, असं आम्ही सगळेच मानत आलो.

आठवीत शाळा सुटली आणि कारखान्यातल्या कामासाठी मी इकडे लांब हिंगण्याला आलो. तापानं पडलो तेव्हा खानावळीच्या काकूंनी मला स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. याच काकू चार माणसं जमवून, विजेच्या तारेनं जनावर मारणाऱ्याला जामीनच मिळू नये असा कायदा मागतात.

शनिवारी पोळी वाढताना म्हणाल्या, "उद्या धरण्यावर तू बोलजो गा. खेड्यातला आहेस."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मला नको, काकू."

"काहून? सुपरवायझरशी भांडते, अन् माईकले भेऊन राहिला?"

मग आबांचं सांगितलं. हाळीचंही.

"अन् तुमच्याकडच्या गव्याले मराठी समजते का रे?"

पंगत हसली. मला हसू येईना. गेल्या हंगामात आमच्या तारेला लागून एक गवा मेला, तेव्हा आबांनाही जेवण गेलं नव्हतं. पण तार निघाली नाही.

रात्रभर कूस बदलत राहिलो. सकाळी चौकात माईक हातात आला. म्हणालो, "माझे वडील तार लावतात. तरी कायदा कडक करा. पण आधी सौर कुंपण द्या. त्यानं झटका बसतो, जीव जात नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "बापालेच आत धाडतो का गा?"

काकूंनी माईक ओढून घेतला. "पोरगं बरोबर बोलून राहिलं. कुंपणाची मागणी पहिले घ्या!"

दुपारी आबांना फोन करून सगळं सांगितलं.

"कुंपण कवा येणार?"

"ठाऊक नाही, आबा. मागितलंय."

"मग डुकरांना बी सांग, तवर थांबा म्हणावं." फोन ठेवला त्यांनी.

आता रोज चहाच्या सुट्टीत आईला विचारतो, "काल तार लावली?"

"न्हाई रं," ती म्हणते. खरंच लावलेली नसते, की लांब असलेल्या पोराला घोर नको म्हणून म्हणते, ते तिच्या आवाजावरून कळत नाही.