एचच्या पुढचं बोल

टेबलावर पंजा आपटायचा आणि ओरडायचं, “एचच्या पुढचं बोल!” अक्कांच्या दवाखान्यात पहिल्यांदा येणाऱ्याचं स्वागत असं व्हायचं. कानडी मुलखातल्या आमच्या चिकपेट बाजारात एका अरुंद जिन्यावर त्यांचा दवाखाना, खाली माझं औषधांचं दुकान. तो पंजा पडला की माझ्या छताचा पोपडा गिऱ्हाइकाच्या डोक्यावर यायचा.

त्या ‘एच’ची गंमत सांगतो. आमच्या गल्लीतली जुनी मराठी घरं ‘तसल्या’ आजाराचं नाव पुरतं घेत नाहीत. नाव घेतलं की तो घरात शिरतो, अशी समजूत. म्हणून नुसतं पहिलं अक्षर: “त्याला एच आहे.” आता एचआयव्हीत एच, एचपीव्हीत एच, फोड आणणाऱ्या एचएसव्हीत एच, आणि हेपटायटिस बीही एचचाच. विषाणू चार, पण गल्लीच्या लेखी एकच, आणि तोही जीवघेणा. अक्का अशाच पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेल्या घरातल्या होत्या, म्हणून त्यांना चीड जास्त.

विजेच्या खांबांवरची ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ ही पत्रकं त्या छत्रीच्या टोकानं फाडत चालायच्या. “गुप्त कसला? अर्ध्या चिकपेटला झालाय!” मला तर गिऱ्हाइकांसमोर दंड पकडून लस टोचली. “सुया विकतोस आणि हेपटायटिस बीची लस नाही? लिव्हर खातो तो, अण्णा. रक्तातनं येतो, अंथरुणातनं येतो. लस आहे तर घे की!” दंड चांगलाच सुजला, पण बोलायची सोय नव्हती.

एकदा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारा पुण्याचा मुलगा आला. नको तिथे फोड आलेले. “मॅम, माझी लाइफ संपली. टेरेसवर जाऊन आलोय मी,” तो म्हणाला, आणि अक्कांनी स्टीलचा ट्रे भिंतीवर भिरकावला. आवाज ऐकून मी धावत वर गेलो.

“फोडापायी जीव देतोस? तापानंतर ओठावर फोड येतो ना, त्याचा हा भाऊ, एचएसव्ही. नसेत दडून बसतो, तू दमलास की वर येतो. जात नाही, पण तुला मारणार पण नाही. गोळ्या आहेत. जिच्याजवळ जाशील तिला आधी सांग.”

“आणि एचआयव्ही?”

“तो वेगळा. तो अंगातली ताकद पोखरतो. रोज गोळी घेतली की तोही गप बसतो. त्याची तपासणी वेगळी करू. आता स्वल्प बस, रड, मग जा. सरी? कळलं?”

तो रडला. अक्कांनी वाकून ट्रे उचलला आणि त्याच्यासाठी कॉफी मागवली.

आणि मग ‘ती’ची गोष्ट. साड्यांच्या एका घाऊक दुकानदाराची बायको, अक्कांची पेशंट. तपासणीत तिला एचपीव्ही निघाला. तिनं विश्वासानं जावेला सांगितलं, जावेनं सासूला, आणि सवयीप्रमाणे पुढची अक्षरं वाटेत गळाली. नवऱ्याच्या कानावर गेला तो नुसता ‘एच’.

दुकानात कापड मोजायचा लोखंडी गज असतो, त्या गजानं त्यानं तिला मारलं. मग केस धरून भर बाजारातून ओढत अक्कांकडे आणलं. तिच्या डाव्या कानातून रक्त गळ्यावर उतरत होतं. सगळा बाजार बघत उभा होता. मी मधे पडलो, तर त्यानं कोपरानं माझं नाक फोडलं. तसाच मी त्यांच्यामागून जिना चढलो.

“अक्का, हिनं एच आणलाय घरात! कुणाकडनं, ते विचारा!”

“एचच्या पुढचं बोल!”

“मला शिकवू नका!” त्यानं पुन्हा तिच्यावर गज उगारला. अक्का मधे आल्या. गज त्यांच्या मनगटावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्या खाली बसल्या नाहीत. धड हातानं त्यांनी त्याची कॉलर पकडली आणि त्याला भिंतीवर आदळलं. “एचपीव्ही! पी! बहुतेकांना कधी ना कधी होतो. तुझ्याकडनंच आला असेल, लग्नाआधीचा असेल, कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक वेळा अंग आपणच त्याला हाकलतं. राहिलाच तर पुढं गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर करू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं. एवढंच होतं रे!”

त्याचा चेहरा सैल पडला. “म्हणजे... ते नाही?”

“ते असतं तर मारायचं होतं?”

मी पोलिसांना बोलावलं. पोलीस त्याला घेऊन गेले. ती सासरी परतली नाही. अक्कांनी तिला आपल्या घरी नेलं. गल्ली मात्र म्हणत राहिली, बिचाऱ्याचा गैरसमज झाला. हे ऐकलं की माझं डोकं आजही फिरतं. बिचारा म्हणे! त्या मारानं तिला डाव्या कानानं ऐकू येणं कायमचं बंद झालं होतं.

पुढल्या वर्षी अक्कांनी तिची पुन्हा तपासणी करवली. मी कसल्याशा गोळ्या द्यायला वर गेलो होतो. अक्का तिच्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. मोडलेलं मनगट वाकडंच जुळलं होतं. त्यांना हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. “गेला गं तो. काही औषध न घेता गेला.”

ती समोर बघत राहिली. अक्का तिच्या डाव्या बाजूला बसल्या होत्या.

त्यांनी मोठ्यानं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना ओरडवेना. त्या उठल्या, पदरानं डोळे पुसले, आणि स्टूल उचलून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या.