कोपऱ्यातला गोल

काही किस्से मुद्दाम लक्षात ठेवावे लागतात. आमच्या ऑफिसातले तसे नाहीत. टेबलाच्या खणात टाचण्या, रबरबँड, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आपोआप साठत जाते, तसे ते साठत गेले. मागच्या आठवड्यात मी खण आवरायला काढला. तळाशी पेन्सिलीचं बोटभर थोटूक सापडलं आणि त्याच्यामागून एकेक किस्सा वर यायला लागला.

ऑफिस परळला, भोईवाड्याच्या अलीकडे. हॉस्पिटलांना लागणारी मशिन्स विकणारी कंपनी. मी एचआरमध्ये. नोकरीसाठी येणारा प्रत्येक अर्ज आधी माझ्या टेबलावर येतो, मग कारखानीस साहेबांकडे जातो. ते आमचे हेड. खाली रिसेप्शनला फिलोमिना, माहीमची. तिला सगळे फिलू म्हणतात आणि ती सगळ्यांना अरे-तुरे करते, फक्त साहेब सोडून. आणि तळमजल्यावर डिस्पॅचमध्ये, एकोणीस वर्षं, माझी बायको वसुधा.

*

लॉकडाउन संपला आणि ऑनलाइन पदवीवाल्यांचे अर्ज येऊ लागले. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सामंत, ऑनलाइनवाला अर्ज आला की वर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक छोटा गोल काढत जा."

"नाकारायचे का, साहेब?"

"छे हो. सरकारची मान्यता आहे त्यांना, नाकारून कसं चालेल? नुसता गोल काढायचा. हा काही नियम नाही, आपली एक सोय."

"पण पेन्सिलीने का?"

"पेनचं खोडता येत नाही," साहेब म्हणाले.

त्यानंतर मी किती गोल काढले ते मोजलं नाही. खोडायची वेळ मात्र एकदाही आली नाही.

*

एकदा साहेब घरूनच इंटरव्ह्यू घेत होते. समोर स्क्रीनवर शीव कोळीवाड्यातली एक मुलगी, बाजूच्या चौकोनात मी. साहेबांचा शर्ट कडक इस्त्रीचा. शर्टाखाली काय आहे ते, मध्येच पाण्याची बाटली घ्यायला ते उठले तेव्हा आम्हाला दिसलं. पट्ट्यापट्ट्यांची लुंगी होती.

मुलीने सगळी उत्तरं नीट दिली. शेवटी साहेबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न काढला. "तुमचं सगळं शिक्षण घरी बसून झालं. घरी बसून शिकलेल्या माणसाला शिस्त कशी लागणार?"

मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, तुमच्याकडे कुकरची चौथी शिट्टी झाली. गॅस बंद करून या. मी थांबते."

साहेब उठले, गॅस बंद करून आले. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज माझ्याकडे परत आला. सोबत निरोप, "गोल जरा ठळक करा."

*

त्याच भरतीत निखिल आला. पदवी रेग्युलर, कॉलेजचं हजेरीचं सर्टिफिकेट जोडलेलं. सोबत अनुभवाचं पत्रही. दादरच्या एका शोरूममध्ये तीन वर्षं, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. मी दोन्ही कागदांवरची वर्षं ताडून पाहिली. तीच तीन वर्षं. कॉलेजची वेळही तीच.

दोन्ही कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो. "साहेब, हा मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी होता."

"म्हणजे कष्टाळू आहे."

"कॉलेजात गेलेलाच नाही तो."

"नसेल गेला. पण कॉलेज होतं ना?" साहेब मला समजावू लागले. "इमारत होती, फाटक होतं, वॉचमन होता. तुमच्या त्या ऑनलाइनवाल्यांचं फाटक कुठाय?"

निखिलला डिस्पॅचमध्ये घेतलं. माझ्या बायकोच्या शेजारचं टेबल मिळालं त्याला. पोरगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी तिला म्हणाला, "वसुधाताई, मालासोबतचं चलन म्हणजे नक्की काय असतं?"

*

पुढच्या वर्षी साहेबांच्या मुलाने परदेशी विद्यापीठाची मास्टर्स डिग्री मिळवली. साहेबांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. कौतुक होतंच. फिलूने विचारलं, "मग आता मुलगा परत कधी येणार, सर?"

"परत कुठून येणार? तो गेला कुठे होता? इथेच असतो, शिवाजी पार्कला."

"म्हणजे ऑनलाइन?"

साहेबांनी पेढ्याचा खोका बंद केला. "ते इंटरनॅशनल आहे, फिलोमिना."

साहेब जिना चढून गेल्यावर फिलूने मला हाक मारली. पेढ्याचा खोका तिने टेबलावर सरळ करून ठेवला होता. "ए सामंत," ती म्हणाली, "तुझी पेन्सिल दे रे जरा."

*

मग कंपनीने सगळ्या स्टाफला सेफ्टीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला. बारा धडे, शेवटी परीक्षा. पास झाल्याशिवाय पगारवाढ नाही. साहेबांना चौथ्या धड्यापुढे जाता येईना. व्हिडिओ संपेपर्यंत त्यांना झोप लागायची आणि ते जागे होईपर्यंत मशीन पुन्हा पहिल्या धड्यावर जायचं.

शेवटी त्यांनी वसुधाला वर बोलावलं. "वसुधाताई, तुम्हाला या ऑनलाइनची सवय आहे. माझ्या लॉगिनने एवढं उरकून टाका."

तिने जेवणाच्या सुट्टीत दोन दिवसांत उरकलं. शंभरात शहाण्णव. सर्टिफिकेट फ्रेम करून साहेबांच्या केबिनमध्ये लागलं. ते अजून तिथेच आहे, गणपतीच्या फोटोच्या बाजूला.

मी तिला घरी विचारलं, "चार मार्क कुठे गेले गं?"

"मुद्दाम घालवले," ती म्हणाली. "शंभर आले असते तर कुणाला खरं वाटलं असतं का?"

*

तिला ऑनलाइनची सवय कशी लागली, ते सांगायचं राहिलं. वसुधा बारावी झालेली. वडील गेले आणि तिला नोकरी धरावी लागली. डिस्पॅचमध्ये सेक्शन ऑफिसरची जागा होती, पण त्या जागेला पदवी लागायची. दोन वेळा ती जागा तिला डावलून दुसऱ्याला गेली. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तिने ऑनलाइन बी.कॉम.ला नाव घातलं. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठायची. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून लेक्चर ऐकायची आणि भाजी चिरायची.

परीक्षा घरूनच असायची, कॅमेऱ्यासमोर. आमची गिरगावातली दीड खोली. पहिल्या पेपरला मी मोरीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आलो आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. खोलीत दुसरी व्यक्ती आढळली आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कपडे उचलून थेट गॅलरीत गेलो. उरलेल्या सगळ्या पेपरांना मी गॅलरीत बसून होतो.

मजल्यावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या नाडकर्णी काकूंनी टीव्ही बंद केला. पोरांचं क्रिकेट खालच्या चौकात गेलं. मासेवाली जिन्यावरून "पापलेट..." म्हणेपर्यंत तिघीजणी तोंडावर बोट ठेवून तिच्या अंगावर धावल्या. ती बिचारी टोपली सांभाळत कुजबुजली, "कोण गेलं?"

"कोण गेलं नाय," काकू म्हणाल्या. "वसुधा बी.कॉम. होतेय."

रेग्युलर कॉलेजातल्या परीक्षेत इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मी स्वतः तिथूनच पास झालो आहे. शेवटच्या बाकावरून.

*

ती पास झाली, फर्स्ट क्लासमध्ये. दोन महिन्यांनी सेक्शन ऑफिसरची जागा पुन्हा निघाली. तिने रीतसर अर्ज लिहिला, पदवीची प्रत जोडली आणि घरी न देता ऑफिसात माझ्या टेबलावर आणून दिला. "पोच द्या," म्हणाली. मी पोच दिली.

अर्ज घेऊन मी साहेबांकडे गेलो. "साहेब, घरचाच अर्ज आहे. विद्यापीठाने पत्र दिलंय, की ही पदवी रेग्युलरच्या बरोबरीची आहे. याच्यावर गोल नको काढायला."

साहेबांनी चष्मा काढला. "सामंत, तुमच्या मिसेसना सवलत दिली तर बाकीचे काय म्हणतील? नियम म्हणजे नियम."

मी माझ्या टेबलाशी आलो आणि गोल काढला. हलका काढला, पण काढला. मला कुणी हात धरून काढायला लावला नव्हता, हे इथे लिहून ठेवतो.

जागा निखिलला मिळाली. निखिलच वर येऊन मला म्हणाला, "सर, मला फार ऑकवर्ड होतंय." ऑकवर्ड झालं तरी त्याने जागा घेतली. त्याला कशाला दोष द्यायचा? पुढचे सहा महिने वसुधाने त्याला काम शिकवलं.

माझ्याशी ती या विषयावर एकदाच बोलली. जेवताना. अर्जाची झेरॉक्स तिने फाइलमधून पाहिली असावी.

"गोल वाकडा आलाय हो तुमचा," म्हणाली. "हात थरथरला का?"

तिने मला आणखी आमटी वाढली.

*

त्यानंतर तिला त्रास सुरू झाला. हॉस्पिटलांना मशिन्स पुरवणाऱ्या कंपनीत असल्यामुळे आमच्या ओळखी होत्या. ओळखींचा उपयोग एवढाच झाला, की रिपोर्ट लवकर कळले.

स्कॅनच्या खोलीत तिला आत नेताना मशीनच्या बाजूला आमच्या कंपनीचं डिस्पॅचचं स्टिकर दिसलं. त्यावर तिचीच सही. तिने मान वळवून ते वाचलं.

"वेळेवर पोचवलं होतं हो मी हे," ती म्हणाली.

त्यानंतर चार महिने.

*

दिवसकार्य आटोपून मी कामावर गेलो. ऑफिसच्या दारात एक काळा फळा आहे. कुणी निवृत्त झालं, कुणी गेलं, की त्यावर लिहायचं. अक्षर बरं म्हणून ते काम पहिल्यापासून माझ्याकडे. मी रजेवर, त्यामुळे फळा कोराच होता.

साहेब स्वतः खाली आले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चार वाजता शोकसभा ठेवली आहे. फळा... तुम्हाला जमेल का? नव्या पोरांना मराठी लिहिता येत नाही हो."

"जमेल," मी म्हटलं.

ते जिन्यापर्यंत गेले आणि परत वळले. "आणि सामंत, नावापुढे बी.कॉम. लिहा. शिकलेली बाई होती."

"ऑनलाइन होतं, साहेब."

"असू दे हो. आता कोण बघायला येतंय?"

फिलूने खडूची पेटी आणि डस्टर आणून दिलं आणि शेजारी उभी राहिली. मी वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. खाली 'सौ. वसुधा सामंत, बी.कॉम., डिस्पॅच विभाग, एकोणीस वर्षे.' अक्षर चांगलं आलं. मग खडू बदलून, बारीक टोकाचा घेऊन, फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटा गोल काढला. या वेळी वाकडा आला नाही.

चार वाजता सगळा स्टाफ दारात जमला. साहेब हार घेऊन पुढे झाले आणि फळ्यासमोर थांबले. त्यांची नजर वरच्या कोपऱ्यावर गेली.

"सामंत," ते हळूच म्हणाले, "तो गोल पुसा."

"नियम आहे, साहेब."

साहेबांनी डस्टरसाठी फळ्याच्या खालच्या पट्टीवर हात फिरवला. तिथे नव्हतं. फिलूने ते केव्हाच पर्समध्ये टाकलं होतं, आणि पर्स काखेत घट्ट धरून ती दोन मिनिटं स्तब्ध उभी होती.