सरकारी सायकल, डबलसीट

मे महिन्यात सोलापूरच्या डांबरावर पापड भाजून निघतो. मी स्वतः भाजलेला नाही, पण भाजून खाल्लेल्या माणसाशी बोललो आहे. सत्तर सालानंतरच्या अशाच एका मे महिन्यात मी एक आख्खी पाळी सोलापूरचं पोलीस खातं माझ्या मांड्यांच्या जोरावर ओढलं. खातं म्हणजे माझे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान, शुक्रवार पेठेच्या चौकीवर हवालदार, वजन तीन मण. बहीण म्हणते, दोन मणाच्या वर एक शेर नव्हते. पण सायकल कोण मारत होतं, ती की मी?

मी तेव्हा नवाकोरा प्राथमिक मास्तर, सुट्टीत बहिणीकडे पोलीस लाईनीत राहायला आलेलो. आदल्या दिवशी दाजी लाईनीतल्या नळावर बादली उचलताना साबणाच्या पाण्यावरून घसरले आणि उजवा घोटा मुरगळला. सकाळपर्यंत घोट्याचा दुधी भोपळा झाला. पण दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. नव्या फौजदार साहेबांनी हजेरीतच बजावलं होतं, की ज्याचे पाय धड नाहीत त्यानं पेठेत फिरायचं नाही, उजनीला जायचं. उजनीला धरणाचं काम चाललं होतं. तिथं माळावर सिमेंटची पोती राखत बसायचं. दाजी उजनीला गेले की लाईनीतली खोली सुटणार, आणि बहिणीला सातवा महिना लागलेला. इथं नळ होता, मोठा दवाखाना होता, चार बायका हाकेच्या अंतरावर होत्या. तिथं पत्र्याच्या शेडात काय होतं?

दाजींनी बुटात पाय कोंबला. डोळ्यांत आलेलं पाणी मिशीवर पुसलं आणि मला म्हणाले, "मास्तर, सायकल येती न्हवं?"

"दाजी, मी हात सोडून अक्कलकोटपर्यंत गेलेला माणूस."

"हात धरूनच मारा. मी मागं बसतो."

"पण डबलसीट म्हणजे गुन्हा की!"

"म्हनून तर संगं पोलीस घ्यायचा."

बहिणीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. दाजी पायरी उतरत होते तेवढ्यात माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "त्यास्नी चालू देऊ नको रं. तुझ्या भरवशावर सोडतीय."

"अगं, पालखीत बसवून आणतो," मी म्हणालो.

दाजींची युक्ती सोपी होती. चौकीच्या अलीकडच्या बोळात उतरायचं, तिथून दात आवळून सरळ चालत जायचं, सही करायची, सरळ चालत परत यायचं आणि बोळात पुन्हा कॅरिअरवर बसायचं. गिरणीच्या दुपार पाळीला दोन भोंगे व्हायचे. दुसऱ्या भोंग्याला साहेबांची जीप चौकात यायची. त्या वेळी दाजी चौकात दोन पायांवर उभे दिसले की दिवस निभावला. मधल्या वेळात फक्त मी आणि माझ्या मांड्या.

खरं सांगतो, पहिला तासभर मला राज्य मिळाल्यासारखं वाटलं. नवी पेठेतून आम्ही निघालो की कापडवाले गाद्यांवरून उठून उभे राहायचे. मला वाटलं, मला बघून. एका सराफानं तर मला इतका वाकून नमस्कार केला, की त्याची टोपी गल्ल्यात पडली. माझ्या डोक्यात हवा शिरायला आणखी काय पाहिजे?

त्यातच दाजींनी मला काम दिलं. डबलसीट सायकलवाला सापडला, की त्याच्या मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह काढायचा. तो हातात धरून दाजी दोन शब्द ऐकवायचे, कान पकडायला लावायचे आणि व्हॉल्व्ह परत द्यायचे. मग तो बिचारा पंप शोधत पायी जायचा. ही दाजींची शिक्षा. आम्ही स्वतः डबलसीट येऊन कोपऱ्याआड उतरायचो, सायकल भिंतीला लावायचो आणि दबा धरायचो. दाजींना वाकता येत नव्हतं, म्हणून व्हॉल्व्ह मी काढायचो. हवा सुटल्याचा तो फुसकारा ऐकला, की मला जिल्हा जिंकल्यासारखं वाटायचं. बघे जमायचे. चौथ्या-पाचव्या सायकलीपर्यंत मी बघ्यांसाठीच काम करू लागलो होतो.

पहिला भोंगा झाला आणि लगेच एक सायकल आली. तिशीतला माणूस जीव तोडून पॅडल मारतोय आणि मागं त्याचा म्हातारा बाप, मांडीवर जेवणाचा डबा. मी आडवा झालो. दाजी काही बोलायच्या आत खाली बसून व्हॉल्व्ह काढला, दोन बोटांत धरून बघ्यांना दाखवला आणि, कशाला लपवू, झोकात भिरकावला. तो समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर टण्णकन वाजला आणि पन्हाळीत गेला. लोक हसले. एकानं तर शिट्टी मारली.

म्हातारा हसला नाही. पोरगा बापाशी तेलुगूत काहीतरी बोलला आणि आमच्याकडे वळला.

"सायब, गिरणीत जायचंय. दुसऱ्या भोंग्याला दार बंद हुतंय. उशीर झाला की त्यांचा माग बदलीवाल्याला देतेत, त्यो टपूनच बसलाय."

"मग चालत जावा की," मी म्हणालो. माझ्यात अजून जिल्हाधिकारी होता.

"चालायला येत न्हाय त्यांना," पोरगा हळू आवाजात म्हणाला. "पाय सुजलाय. मुकादमाला कळलं तर उद्यापासून घरी बसवतील. फाटकाच्या अलीकडं मी सोडतो, तितनं सरळ चालत आत जातेत."

दाजींनी म्हाताऱ्याच्या पायाकडं पाहिलं. म्हातारा डाव्या पायावर भार देऊन उभा होता. दाजीही डाव्याच पायावर उभे होते. दोघं एकमेकांकडं बघत होते आणि त्यांच्यामधे मी, रिकामी दोन बोटं वर धरून.

"मास्तर, त्यास्नी आपल्या सायकलीवर सोडून या," दाजी म्हणाले.

"सायब, मी नेतो की," पोरगा म्हणाला.

"सरकारी सायकल हाय. परक्याच्या हातात देत न्हाय. हे माझे मेव्हणे, घरचंच मानूस."

"आणि तुम्ही, दाजी? चौकात..."

"तुमी सोडा आन् फिरा. दुसऱ्या भोंग्याच्या आत येताय की. मी हितंच पायरीवर बसतो."

मी निघालो. ती सायकल मी जशी हाणली तशी सोलापुरात पुन्हा कुणी हाणली नाही. हे मात्र वाढवून सांगत नाही. म्हातारा मागं डबा घट्ट धरून बसला. डब्याची कडी माझ्या पाठीला टोचत होती. फाटकाच्या अलीकडं चहाच्या टपरीपाशी त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. मी थांबलो. तो उतरला, धोतर झटकलं आणि चालत गेला. इतका सरळ, की मीच क्षणभर फसलो. आत गेला. काम झालं होतं. मी तिथूनच सायकल वळवायला हवी होती.

पण टपरीवरच्या एकानं मागच्या मडगार्डवरचा पोलिसाचा पट्टा पाहिला. "काय वो, म्हाताऱ्यानं काय केलं? पोलिसाच्या सायकलीवर कसा?"

आता याला उत्तर देणं भागच होतं. नाहीतर बोभाटा मुकादमापर्यंत गेला असता. "काही केलं नाही," मी म्हणालो. "साक्षीदार आहे तो. मोठ्या भानगडीतला." एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा. पण चार माणसं पुढं सरकली, कुणीतरी बाकावर जागा केली आणि माझ्या हातात चहा आला. "कसली भानगड वो?" मग मी सांगितली. गोष्टीत दरोडा घातला, दरोडेखोर तिघांचे सात केले, म्हाताऱ्यानं त्यांतल्या एकाला चादरीत गुंडाळून धरला. चहा बशीत ओतला. चादरीचा रंगसुद्धा सांगितला.

आणि दुसरा भोंगा झाला.

बशी तशीच ठेवून मी धावलो. त्या वेळी सायकल कशी मारली ते मला आठवत नाही. जिथं दाजींना सोडलं होतं तिथं पायरी रिकामी होती. तो पोरगा हवा गेलेली सायकल धरून उभा होता.

"सायब चालत गेले," तो म्हणाला. "लई वाट बघितली त्यांनी तुमची. मी आधार देतो म्हनलो, तर नको म्हनले."

चौकाच्या थोडं अलीकडं जीप उभी होती. दाजी एका दुकानाच्या पायरीवर बसले होते, बूट काढलेला, घोटा उघडा. तो दुधी भोपळा आता काळानिळा झाला होता. फौजदार साहेब कमरेवर हात ठेवून बघत होते. साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही कोण?" दाजीच म्हणाले, "मेव्हणा हाय, सायेब. डबा घेऊन आलाय." साहेब वाईट माणूस नव्हते. दाजींना जीपमधून दवाखान्यात नेलं. आणि उजनीलाही त्यांनीच पाठवलं.

दिवेलागणीला दाजी पायाला पट्टी बांधून घरी आले. बहीण दारातच उभी होती. मी सायकल हातानं ढकलत आणली होती, तिच्यावर बसवलंच नाही. बहिणीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काय झालं? कळलं व्हय सायबास्नी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाजी म्हणाले, "व्हय, उजनीच लागली. अगं, खिसेकापू दिसला. ऱ्हावलं न्हाय मला. मास्तर वरडत हुते, दाजी पळू नका, दाजी पळू नका. मी ऐकतोय व्हय? पळालो नवी पेठभर." आणि जन्मात कधी दोन वाक्यांच्या वर न बोलणाऱ्या त्या माणसानं खिसेकापूचा शर्ट, मिशी, उडी मारलेली भिंत, सगळं सांगितलं. वाईट सांगितलं. भिंत आधी आली आणि बोळ नंतर.

बहिणीनं मला विचारलं, "खरं का रं?"

दाजी पट्टीकडं बघत होते. मी "व्हय" म्हणालो. ती आत गेली आणि फळीवरची भांडी एकेक करून खाली काढू लागली. मी ती तिच्या हातातून घेत राहिलो आणि गोणपाटात भरत राहिलो.